हंबीररावांचा पुढचा ब्रेक

मुलांनो, एक काडेपेटी हातात आहे असं समजा. आतला काड्यांचा खण काढून टाका. उरली ती दोन्ही बाजूंनी उघडी पोकळ डबी. तिचं एक तोंड बोटानं बंद करा आणि दुसऱ्या तोंडातून खोडरबराचा एक लांबट तुकडा आत सरकवा. आता डबी बंद तोंडाकडे झटकली, तर रबर कुठे जाईल? कुठेच नाही. बोटाला टेकून बसेल. आणि उघड्या तोंडाकडे झटकली तर? टुणकन बाहेर.

बस्स. एवढं डोळ्यांपुढे आलं असेल तर गोष्टीतली सगळी अवघड बाब तुम्हाला समजली.

पूर्वीच्या सायकलींना तारेचे ब्रेक नसत, दांडीचे असत. मूठ दाबली की लोखंडी दांडी वर ओढली जाई, आणि चाकाच्या दोन बाजूंना पत्र्याच्या दोन छोट्या डब्यांत बसवलेली दोन रबरं रिमला खालून घट्ट चिकटत. त्या डब्यांचं एक तोंड बंद, एक उघडं. सायकल पळताना पुढच्या चाकाचा वरचा भाग पुढे धावतो आणि चिकटलेल्या रबरालाही आपल्याबरोबर पुढे ओढू बघतो. म्हणून डबीचं बंद तोंड नेहमी पुढे पाहिजे. उलटं बसलं तर गल्लीबोळात, हळू चालवताना, काही कळणार नाही. पण मोठ्या उतारावर मूठ आवळली की रबर उडून रस्त्यावर.

कोल्हापुरात शनिवार पेठेत शमशुद्दीन मिस्त्रींचं सायकलचं दुकान होतं. त्यांच्या नजीराला ही गोष्ट अ आ इ ई येण्याआधीपासून माहीत होती. १९६९ साली ती अकरा वर्षांची होती. आणि तिला आणखी एक गोष्ट माहीत होती, जी पेठेत दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हती. तिच्या अब्बांना दिसत नव्हतं.

अगदीच दिसत नव्हतं असं नाही. माणूस आला कळे, सायकल काळी की हिरवी ते कळे. पण दोन्ही डोळ्यांवर दुधावर साय धरावी तसं काहीतरी धरलं होतं. मिरजेच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, मोतीबिंदू आहे, पण अजून पिकलेला नाही. दिवाळीनंतर या, मग काढू. तोवर थांबायचं. शमशुद्दीन घरी आले आणि बायकोला व पोरीला समोर बसवून एवढंच म्हणाले, "दिवाळीपर्यंत हे घराबाहेर जायचं न्हाय. आंधळ्याच्या हातची सायकल कोण घेईल? एकदा गिऱ्हाईक तुटलं की डोळे येऊन काय उपेग?"

तेव्हापासून दुकानाची एक नवी रीत पडली. शमशुद्दीन पुढे पायरीशी बसत, गिऱ्हाइकाशी बोलत, हवा मारत, हातोडी चालवत. नजीरा शाळेतून आली की आत अंधाऱ्या बाजूला बसे. बारीक काम सगळं तिचं. चाकाच्या आऱ्या ओढणं, तुंब्यात छर्रे भरणं, ब्रेकची रबरं बदलणं. लोक म्हणत, पोरगी बापाला पाने देते, गुणाची आहे. पाने ती देत नव्हतीच. पाने अब्बा न बघता उचलत, कारण कुठला पाना कुठल्या खिळ्याला टांगलाय ते त्यांच्या हाताला पाठ होतं.

पेठेतल्या तालमीचा एक रिवाज होता. दर कोजागिरीला तालमीचे पैलवान आणि पेठेतले हौशे सायकलींवरून रात्रभर चांदण्यात रत्नागिरीला जात. संध्याकाळी निघायचं, मलकापूर मागे टाकायचं, मध्यरात्रीनंतर आंब्याचा घाट उतरायचा आणि उजाडताना समुद्रावर नारळ वाहायचा. त्या वर्षी अठरा सायकली होत्या. आठ दिवस आधीपासून एकेक करून त्या ओव्हरऑइलला, म्हणजे सगळी खोलून तेलपाणी करायला, शमशुद्दीनकडे आल्या. स्वतः शमशुद्दीन दरसाल बरोबर जात, सगळ्यांच्या मागे, हत्यारांची पिशवी घेऊन. यंदा त्यांनी गुडघ्याचं निमित्त सांगितलं.

"गुडघा तर गुडघा," हंबीरराव म्हणाले होते. "मिस्त्री न्हाय तर न्हाय, मिस्त्रीच्या हातचं काम तर हाय की बरोबर!"

हंबीरराव म्हणजे तालमीतला सगळ्यांत अवजड गडी. अडीच मण वजन, आणि सायकलही तशीच, दुहेरी दांडीची, दूध घालायची. रांगेत सगळ्यांत पुढे तेच असत.

कोजागिरीच्या दुपारी तालमीच्या अंगणात अठरा सायकली ओळीनं उभ्या होत्या. पुसून लख्ख केलेल्या. कॅरेजला सुतळीनं बांधलेली घोंगडी, फडक्यात भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी, हॅण्डलला झेंडूची माळ. समोर पाटावर शमशुद्दीनची सगळी हत्यारं मांडलेली, कारण पूजा सायकलींची तशी हत्यारांचीही. तालमीच्या गणपतराव वस्तादांनी प्रत्येक सायकलीला हळदकुंकू लावलं, प्रत्येक पान्याला लावलं, आणि शमशुद्दीनच्या कपाळाला लावायला बोट नेलं तसं ते हसून मागे सरले. "मला नको वस्ताद, माझ्या हातोडीला दोनदा लावा." सगळे हसले. नारळ फुटला.

नजीरा खोबऱ्याचा तुकडा हातात घेऊन ओळीसमोरून चालली होती. आपलं काम बघत. हे काम माझं आहे असं तिला कुणालाच सांगता येत नव्हतं, पण बघता तर येत होतं. प्रत्येक पुढच्या चाकाशी ब्रेकची ती दोन बंद तोंडं, लोखंडी, चकचकीत, त्यांच्यावर कुंकवाचं एकेक बोट. पहिली, दुसरी, तिसरी. ओळीच्या टोकाला हंबीररावांची सायकल. तिथे लोखंड नव्हतं. तिथे दोन काळी रबरं तिच्याकडे बघत होती.

खोबरं हातातल्या हातात राहिलं.

कसं झालं? ती आठवू लागली, आणि आठवायला वेळ लागला नाही. दुकानात सायकल उलटी करून, पुढचं चाक भिंतीकडे येईल अशी ठेवायची पद्धत होती. म्हणून तिच्या हाताला एकच खूण बसली होती, उघडं तोंड रस्त्याकडे. सतरा सायकली तशाच उलट्या केल्या. ही तिला उलटी होईना. एवढी जड. मग पायरीशी होती तशीच उभी ठेवली, पुढचं चाक रस्त्याकडे. आणि हातानं आपली खूण पाळली, उघडं तोंड रस्त्याकडे. अब्बांनी मूठ दाबून बघितली होती. ब्रेक लागला होता. लागणारच.

तिनं इकडेतिकडे बघितलं. कुणाचं लक्ष नव्हतं. दोन नट, दोन मिनिटांचं काम. ती पाटाकडे वळली आणि लहान पान्याकडे हात नेला.

"ए पोरी! हात माघारी घे!"

गणपतराव वस्ताद. सत्तरीचे, पण आवाज कुस्तीच्या हौद्यात घुमवलेला.

"नुसतं बघत होते, आजोबा."

"बघायचं डोळ्यांनी. पूजा झाली न्हवं? आता समुद्र दिसस्तोवर सायकलीला पाना लागायचा न्हाय. ठावं न्हाय तुला? चार सालामागं आकारामनं पूजेनंतर सीट खाली घेतली. बांबवड्याच्या पुढं गेला न्हाय, तवर रिमची पार जिलेबी झाली."

"सीट खाली घेतल्यानं रिम कशी वाकंल, आजोबा?"

"तेच तर! त्याशिवाय वाकली व्हय?" वस्तादांनी असा जाब विचारला की त्याच्यापुढे बोलायची सोय राहिली नाही. ते पाटाशेजारीच घोंगडं टाकून बसले.

नजीरा ओळीच्या मागे गेली. बोटांनी नट फिरतोय का बघितलं. कसा फिरेल? तिनंच आवळला होता, आणि तिचं आवळलेलं सुटत नाही अशी दुकानाची ख्याती होती.

हंबीरराव नळावर तोंड धूत होते. ती त्यांच्यामागे जाऊन उभी राहिली.

"मामा, तुम्ही दुसरी सायकल घ्या की आज."

"का गं? माझ्या वजनाखाली ही रडती व्हय?"

"तसं न्हाय. मग... घाटात ब्रेक हळू दाबा. पुढचा."

हंबीरराव मोठ्यानं हसले. "आंब्याच्या घाटात हळू? अगं, तिथं मुठी दाबून दाबून दुसऱ्या दिवशी भाकरी मोडवत न्हाय माणसाला. एका अंगाला डोंगर, एका अंगाला दरी, आणि मी पुढं. माझ्यामागनं सतरा जण येत्यात." मग तिचा चेहरा बघून त्यांनी ओला हात तिच्या डोक्यावर ठेवला. "घाबरू नगंस. तुझ्या बाच्या हातचं काम हाय. मला काय घोर न्हाय."

हेच ऐकायला नको होतं. त्यांना घोर असता तर बरं झालं असतं.

आता मुलांनो, तुम्ही म्हणाल, सांगून का टाकत नाही? मलाही मुलं हेच विचारतात. सांगायचं म्हणजे काय सांगायचं ते जरा मोजून बघा. 'मामा, रबर उलटं आहे.' कुणी बसवलं? 'मी.' तू का बसवलंस, बाप काय करत होता? इथे ती थांबत होती. त्या प्रश्नाला एकच खरं उत्तर होतं, आणि ते घराबाहेर न्यायचं नाही असं ठरलं होतं. ती खोटं सांगू शकली असती, की मी मस्करीत उलटं केलं. मग लोक म्हणाले असते, मिस्त्रीनं बघितलं कसं नाही? कुठूनही निघा, वाट त्याच दारात येत होती, आणि त्या दारामागे अब्बा बसलेले होते.

ती अब्बांकडे गेली. ते तालमीच्या ओट्यावर बसले होते, कुणीतरी दिलेला चहा बशीत ओतून पीत. तिनं त्यांच्या कानाशी सगळं सांगितलं. बशी हातातच राहिली.

"नक्की दिसलं तुला?" ते हळूच म्हणाले.

"रबर समोरनं दिसतंय, अब्बा. दोन्ही."

 नजीराला वाटलं, आता उठतील. तिला दुकानातला एकेक दिवस आठवत होता. गिऱ्हाइकाला घाई असली तरी अब्बांनी ढिला नट कधी सोडला नव्हता. 'सायकल परत येती, माणूस येईलच असं न्हाय,' हे त्यांचंच बोलणं.

"पूजा झाली," शमशुद्दीन म्हणाले. "आता पाना लावला की सगळे भोवती जमतील."

"व्हय."

"दिवाळीला किती दिवस राहिले?"

नजीरानं बोटं मोजली नाहीत. मोजायची गरज नव्हती, घरात रोज मोजले जात होते. "पंधरा."

"पंधरा," ते म्हणाले. "मी हंबीररावांना सांगतो, घाटात उतरून हातात धरून न्या म्हणावं. सांगतो मी."

"ते हसतील, अब्बा. मला हसले."

"सांगतो म्हटलं ना!" आवाज एवढा चढला की शेजारचा माणूस वळून बघू लागला. शमशुद्दीननी मान खाली घातली आणि गार झालेला चहा पिऊन टाकला. ते उठले नाहीत.

नजीरा बाजूला झाली. तिचे अब्बा तिला आज पहिल्यांदा लहान दिसले. राग आला असता तर सोपं गेलं असतं. राग येत नव्हता. त्यांच्या जागी तिला ती स्वतःच दिसत होती, तशीच अंग चोरून बसलेली.

ऊन तालमीच्या कौलांवरून खाली सरकलं. सायकलींच्या सावल्या एकमेकींत मिसळल्या. एकेक जण घरून निरोप घेऊन येऊ लागला. कुणी डायनामो फिरवून दिवा लागतो का बघत होता, कुणी पॅन्टला पायाशी पट्टी बांधत होता. एकाची आई दारापर्यंत आली होती आणि सगळ्यांसमोर त्याच्या कानाला रुमाल बांधत होती, तर बाकीचे ओरडत होते, "मावशी, दूध पाजून आणलंय न्हवं?" दर आवाजाला नजीरा बघे, हंबीरराव सायकलीशी गेले का? अजून नाही. अजून नाही. तिला वाटलं, चंद्र आज उगवलाच नाही तर? ढग आले तर? कुणाला ताप भरला तर? पण आभाळ धुतल्यासारखं होतं आणि सगळे ठणठणीत होते.

तेवढ्यात अब्बा हंबीररावांजवळ गेलेले तिला दिसले. ती जवळ सरकून ऐकू लागली.

"हंबीरराव, घाटात जरा बेतानं."

"व्हय व्हय मिस्त्री. पोरगी बी तेच सांगून गेली. बापलेकीचा जीव लई हाय बघा माझ्यावर!"

हंबीररावांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. शमशुद्दीन आणखी काही बोलतील म्हणून नजीरानं वाट बघितली. ते तसेच उभे राहिले, हसल्यासारखं तोंड करून.

जोतिबाच्या डोंगराच्या अंगाला आभाळ अजून तांबूस होतं, आणि मागे पूर्वेला घरांच्या वर चंद्राची कड आली. "चला रं!" अठरा स्टँड एकदम खटाखट वर झाले. हंबीररावांनी सायकल ओळीतून बाहेर काढली आणि दारापर्यंत आणली. बाकीचे मागे लागले. हंबीररावांनी पायडलावर पाय ठेवला.

नजीरा दारात जाऊन उभी राहिली. पुढच्या चाकासमोर. दोन्ही हातांनी तिनं हॅण्डल धरलं.

"सर गं, बाळ."

"मी न्हाय सरत."

"आं?"

"पुढचं रबर उलटं हाय. मी बसवलंय. मीच."

मागे कुणीतरी हसलं. मग हसू थांबलं. हंबीरराव खाली उतरले. त्यांनी वाकून बघितलं, मग पुढची मूठ करकचून आवळली आणि सगळं अंग टाकून सायकल पुढे लोटली. चाक फरफटलं, आणि दोन्ही डब्यांतून काळी रबरं अर्ध्या बोटाएवढी बाहेर आली, जीभ काढल्यासारखी.



"आयला," कुणीतरी म्हणालं. "आंब्याच्या दुसऱ्या वळणाला..."

"पोरीला कशाला हात लावू दिला, मिस्त्री?" आकाराम पुढे आला. "आमच्या जिवाशी खेळ व्हय ह्यो?"

"गप," हंबीरराव म्हणाले. त्यांचा चेहरा घामेजला होता. "पोरीनं सांगितलं न्हवं? ती गप बसली असती तर?" ते वस्तादांकडे वळले. "वस्ताद, पूजा मोडती आता. माझ्यावर येऊ दे काय यायचं ते." वस्तादांनी हात हलवला. त्याचा अर्थ होकार असा घ्यायचा.

मग हंबीररावांनी सायकल परत पाटाशी आणली, स्टँडला लावली आणि अगदी साध्या मनानं म्हणाले, "मिस्त्री, आता तुम्ही तुमच्या हातानं बसवा. मग माझा जीव थाऱ्यावर येईल. बसा. आमी थांबतो."

अठरा माणसं गोल करून उभी राहिली.

शमशुद्दीन पुढे आले. पाटासमोर बसले. पाटावर हत्यारं पूजेसाठी मांडलेली होती, मोठ्यापासून लहानापर्यंत, वस्तादांच्या हातानं, दिसायला छान. दुकानातल्या भिंतीवरचा एकही खिळा इथे नव्हता. शमशुद्दीननी हात पुढे केला. तो थोडा हवेतच राहिला. मग त्यांनी एक पाना उचलला आणि चाचपडत नटाला लावला. पाना गर्रकन फिरला. नट जागेवर. त्यांनी तो खाली ठेवला, दुसरा उचलला. तो नटावर बसेचना. बोटांना कुंकू लागलं होतं. तिसरा उचलताना तेलाची बुधली आडवी झाली आणि ते तिला उचलायला गेले तर हात तिच्या शेजारच्या दगडावर पडला.

  आकारामनं दुसरीकडे बघितलं. वस्ताद हळूच म्हणाले, "शमशू... कधीपासनं रं?"

शमशुद्दीन पुन्हा पाटावरची हत्यारं चाचपू लागले.

तेव्हा नजीरा गोलातून पुढे आली. बापाच्या शेजारी मातीत मांडी घालून बसली. पाटावरचा डावीकडून चौथा पाना तिनं उचलला, फ्रॉकला पुसला. तो तिनं अब्बांच्या हातात दिला नाही.

"अब्बा, तुम्ही चाक घट्ट धरा," ती सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, आणि पाना नटावर बसवून तिनं जोर लावला.